पितळी सुरांची खतावणी

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोहा हे तालुक्याचे गाव आहे. रस्त्यावरील मालमोटारींची ये-जा रात्रभर थांबत नाही. पेठ मात्र दिवेलागणीनंतर लवकर शांत होते. जैन घरांतील भोजन सूर्यास्तापूर्वीच आटोपलेले असते. त्यामुळे गल्ला मोजून, रोजमेळ मिळवून पुरुषमंडळी घरी परतली की झोपेपर्यंतचा तास-दीड तास अगदी मोकळा मिळतो. अशाच एका घरातील आजोबा, ज्यांनी चाळीस वर्षे कापड दुकानाची गादी सांभाळून ती आता मुलाच्या हाती सोपवली आहे, गेल्या पावसाळ्यापासून रोज रात्री दूरचित्रवाणीवर साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे परदेशी वाद्यवृंद पाहत बसतात.

घरच्यांना प्रथम याचे नवल वाटले, मग हसू आले. सुनेने एकदा विचारलेही, "अण्णा, यातले शब्द तरी तुम्हाला कळतात का?" "शब्द आहेतच कुठे यात?" असे उत्तर देऊन आजोबांनी आवाज थोडा वाढवला.

आरंभ अगदी साधा होता. नातवाने नव्या संचावर आजोबांच्या आवडीचे ‘अलबेला’तील एक गाणे लावून दिले. 1951 सालचा हा चित्रपट मास्टर भगवान यांचा. ‘चित्रहार’च्या काळात तो घरोघरी पुन्हा एकदा ओळखीचा झालेला होता. गाणे संपले आणि यंत्राने आपण होऊन त्याच्या पाठोपाठ अमेरिकेतील एक जुना कृष्णधवल वाद्यवृंद पुढे केला. काळे कोट घातलेली माणसे, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, मागे ढोलताशांसारखा मांडलेला ड्रमचा संच. आजोबा सावरून बसले. "अरे, ही तर तीच चाल चालतात!" ते म्हणाले. चाल म्हणजे गाण्याची चाल नव्हे. लयीची चालण्याची ढब.

आजोबांचे निरीक्षण अचूक होते. ज्या शैलीला ‘स्विंग’ म्हणतात, तिचा सारा प्राण त्या ढबीत आहे. मात्रेचे दोन अर्धे भाग समान न ठेवता पहिला किंचित लांबवायचा आणि दुसरा आखूड करायचा, म्हणजे लय सरळ न चालता झुलू लागते. आपल्याकडील जाणकार तबलजी केहरव्याला जो झोल देतो, त्याच्याशी याचे जवळचे नाते सांगता येईल. जॅझ संगीताचा उगम अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरातला. त्याची पहिली ध्वनिमुद्रिका 1917 मध्ये निघाली. त्या आरंभीच्या पद्धतीला आज पारंपरिक जॅझ म्हणतात: ट्रंपेटने मूळ चाल धरायची, क्लॅरिनेटने तिच्यावरून वेलीसारखे चढायचे, ट्रॉम्बोनने खालून टेकू द्यायचा. पुढे 1930 नंतर वाद्यांची संख्या वाढली, लिहिलेल्या रचना आल्या, ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी, बेनी गुडमन यांचे मोठे वृंद उभे राहिले आणि स्विंगचे युग सुरू झाले. दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचली तेव्हा हे युग खरे तर ओसरत आले होते. म्हणूनच त्या काळी टिपलेल्या दृश्यांना आज इतके मोल आहे. कलावंत वयस्क झालेले, पण हात अजून तयार आहेत.

अशा दृश्यांतील एक तर वारंवार पाहावे असे आहे. 8 डिसेंबर 1957 रोजी अमेरिकेतील सीबीएस वाहिनीने ‘द साउंड ऑफ जॅझ’ नावाचा तासाभराचा कार्यक्रम थेट प्रक्षेपित केला. सजावट जवळजवळ नाहीच. कॅमेरे, तारा, दिवे सारे उघड्यावर. काही वादक डोक्यावरची टोपीही न काढता वाजवत आहेत. मधोमध उंच स्टुलावर बिली हॉलिडे ही गायिका बसलेली आणि तिच्याभोवती अर्धवर्तुळात त्या काळातील एकाहून एक श्रेष्ठ वादक. गीत ‘ब्लूज’ पद्धतीचे, म्हणजे बारा मापांचे एक आवर्तन, जे संपले की पुन्हा समेवर येऊन नव्याने सुरू होते. एकेक वादक एकेका आवर्तनात आपले म्हणणे मांडतो. त्यात लेस्टर यंग नावाचा सॅक्सोफोनवादक येतो. त्या दिवशी त्याची प्रकृती इतकी ढासळलेली होती की कार्यक्रमातील इतर भागांत त्याच्या जागी दुसऱ्याला वाजवावे लागले. येथे मात्र तो उठून उभा राहतो आणि मोजके, विरळ, जवळजवळ बोलल्यासारखे स्वर काढतो. मिनिटभराचेही वादन नाही. कॅमेरा वळून बिलीच्या चेहऱ्यावर स्थिरावतो. ती हलकेच मान डोलावते आहे. कधीकाळी या दोघांची अत्यंत निकटची मैत्री होती, मग अंतर पडले होते. मार्च 1959 मध्ये लेस्टर यंग गेला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये बिली हॉलिडे.

त्या काळी थेट कार्यक्रम जपून ठेवण्याचा मार्ग म्हणजे दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोरच चित्रपटाचा कॅमेरा लावून दृश्य टिपणे. म्हणून ही चित्रे धूसर दिसतात. पुढे चुंबकीय फिती आल्या. पण त्या महाग, त्यामुळे एक कार्यक्रम पुसून त्याच फितीवर दुसरा उतरवण्याची रीत पडली. ब्रिटनमधील बीबीसीसारख्या संस्थेनेही असे कितीतरी पुसले. जे उरले, ते जाणीवपूर्वक जपले म्हणून उरले असे नाही; पुष्कळसे केवळ पुसायचे राहिले म्हणून उरले. व्यापाऱ्याला ही गोष्ट पटकन उमगते. जुन्या वह्या माळ्यावर राहतात त्या बहुधा कोणी खाली काढल्या नाहीत म्हणून.

आता पुन्हा ‘अलबेला’कडे वळावे. एका रात्री तेच गाणे पुन्हा लावले असता नातवाने चित्र मध्येच थांबवले. "आजोबा, भगवानच्या मागे हे ट्रंपेट वाजवणारे कोण हो?" आजोबांना नायक ठाऊक होता, गीता बाली ठाऊक होती, लता मंगेशकर आणि चितळकर यांचे आवाज ठाऊक होते, संगीतकार सी. रामचंद्र तर आपल्याच मुलखाचे. पण ट्रंपेट वाजवणाऱ्याचे नाव काही सांगता येईना. माल कोणत्या पेढीकडून आला हे पाहिल्याखेरीज ज्याने चाळीस वर्षांत एक गाठोडे खतावले नाही, त्या माणसाला ही गोष्ट लागली.

सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. जन्म 1918 चा, अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचा. गाण्याची तालीम विनायकबुवा पटवर्धनांसारख्या ग्वाल्हेर परंपरेच्या गुरूंकडे. असा माणूस हिंदी चित्रपटात स्विंगची लय आणतो आणि ती परकी वाटत नाही, हे आश्चर्य एकट्याचे नव्हते. त्यांच्या शेजारी साहाय्यक म्हणून उभा होता अँटोनियो झेवियर वाझ, गोव्यातील हळदोणे गावचा ट्रंपेटवादक. जन्म 1916. मुंबईत त्याला सारे ‘चिक चॉकलेट’ म्हणत आणि लुई आर्मस्ट्राँगचा भारतीय अवतार मानत. ताजमहाल हॉटेलात त्याचा स्वतःचा वृंद वाजत असे. ‘अलबेला’त हा वृंद झालरीच्या बाह्यांचे अंगरखे घालून पडद्यावर प्रत्यक्ष दिसतोही. त्यानंतर 1966 च्या ‘आखरी खत’ चित्रपटात, खय्याम यांच्या संगीतात, तरुण भूपिंदर गात असताना शेजारी ट्रंपेट घेऊन उभा असलेला गृहस्थ म्हणजे पुन्हा चिक चॉकलेटच. पुढच्याच वर्षी तो निवर्तला.

गोव्याचे वादक मुंबईत कसे आले, याचा इतिहास नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या 2012 च्या ग्रंथात मोठ्या आस्थेने सांगितला आहे. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जात असे. कागदावरचे संगीत पाहताक्षणी वाजवणारी माणसे तेथून तयार होऊन बाहेर पडत. मुंबईत 1935 मध्ये लिऑन ॲबी याचा कृष्णवर्णीय अमेरिकन वृंद ताजमध्ये आला, त्यामागून क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड. स्वतःच्या देशात ज्यांना अनेक हॉटेलांच्या पुढल्या दारातून प्रवेश नव्हता, ते येथे मानाने वाजवत होते आणि गोव्याची मुले त्यांच्या मांडीला मांडी लावून शिकत होती. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आला. क्लबांची आणि हॉटेलांची रात्रीची कमाई आटली, तसे हे वादक मोठ्या संख्येने चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. दारूबंदीचे स्वागत करणाऱ्यांच्या लेखी तिचे लाभ अनेक आहेत. हिंदी चित्रसंगीतात आलेला पितळी वाद्यांचा दिमाख त्यांत कोणी धरत नाही, पण काही अंशी तो त्याच खात्यावर मांडावा लागेल.

काम मिळाले, पैसेही बरे मिळाले. नाव मिळाले नाही. रीत अशी होती की संगीतकार चाल गाऊन दाखवी, पेटीवर वाजवी. ती कागदावर उतरवणे, कोणत्या वाद्याने काय वाजवायचे हे ठरवणे, मधल्या जागा भरणे हे संयोजकाचे काम. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी, फ्रँक फर्नांड यांनी अनिल बिस्वास यांच्यासारख्यांसाठी हे काम केले. श्रेयनामावलीत बहुधा ‘साहाय्यक’ एवढाच शब्द. आणि प्रत्यक्ष वाजवणारे तर त्याहूनही मागे. दर मुद्रणाचा मेहनताना रोख मिळे, तबकडीवर मात्र त्यांचा उल्लेख नसे. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने अशा वादकांना शोधून, त्यांच्या घरी बसून, त्यांच्या आठवणी टिपून 2008 मध्ये एक ग्रंथ सिद्ध केला. तोवर त्यांपैकी कित्येक काळाच्या पडद्याआड गेले होते.

एक नाव तेवढे सुटले, तेही चमत्कारिक रीतीने. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक आणि संयोजक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतील प्यारेलाल त्यांचे शिष्य. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’त प्यारेलाल यांनी गुरूचे नाव नायकाच्या तोंडी गाण्यात घातले आणि ते देशभर पोहोचले. पोहोचले खरे, पण ऐकणाऱ्या कोट्यवधींना वाटले की हे गंमत म्हणून रचलेले नाव आहे. खरे गोन्साल्विस त्याच्या कितीतरी आधी अमेरिकेला जाऊन आले होते, गोव्यात शांतपणे राहत होते आणि 2012 मध्ये वारले.

नायकाचे भाग्यही फार निराळे नव्हते, हे येथे नमूद केले पाहिजे. अमरावतीस जन्मलेले, गिरणी कामगाराचे पुत्र भगवान आबाजी पालव यांनी ‘अलबेला’च्या यशावर बंगला घेतला, मोटारी घेतल्या, पुढील चित्रपटांत ते सर्व गमावले आणि दादरच्या चाळीत 2002 मध्ये देह ठेवला. फरक इतकाच की त्यांच्यावर 2016 मध्ये ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट निघाला. त्यांच्या मागे उभे राहून वाजवणाऱ्यांवर कोण काढणार?

हे सारे लोह्यातील त्या घरात आजोबांनी नातवाकडून थोडे थोडे वाचून घेतले. मार्गशीर्षात नातीचे लग्न निघाले. माळेगावच्या यात्रेचा हंगाम जवळ आलेला, लग्नतिथी दाट, त्यामुळे बँड वेळेत ठरवणे आवश्यक होते. मराठवाड्यातील वरातीचा बँड हा त्याच घराण्याचा धाकटा भाऊ होय. इंग्रज पलटणींच्या बँडवरून तो आला, वाद्ये तीच, आणि गाणीही पुष्कळदा तीच. बूथ यांनी चित्रपट-वादकांच्या आधी 2005 मध्ये जो ग्रंथ लिहिला तो या लग्नाच्या बँडांवरच होता, हा योगायोग नव्हे.

बँडमास्तर बयाणा घेण्यास दुकानात आले. आजोबांनी ‘अलबेला’तील गाणे वाजवता येईल का असे विचारले. मास्तर हसले, म्हणाले, "शेठ, ते नाही आले तर बँड कसला?" मग आजोबांनी वही पुढे ओढली आणि वाजवणाऱ्यांची नावे सांगा म्हणाले. मास्तर थबकले. "कशापायी? कुणी काही कमीजास्त केलं का?" तसे काही नाही, असे सांगूनही त्यांची शंका पुरती फिटली नाही. शेवटी त्यांनी आठवून आठवून सांगितली. काहींची आडनावे त्यांनाही ठाऊक नव्हती; दोघांना सारे टोपणनावानेच ओळखत.

लग्नाच्या दिवशी वरात मंदिरापाशी पोहोचली तेव्हा गाणे सुरू झाले. ट्रंपेटवाल्याचा वरचा स्वर किंचित चिरकला, पण लय मात्र तशीच झुलती होती. आजोबा कठड्याला टेकून, वही हातात घेऊन एकेका चेहऱ्याशी नाव जुळवत उभे राहिले. वरात आटोपताच उरलेले विचारावे म्हणून ते खाली उतरले. तोवर क्लॅरिनेटवाला वाद्य पिशवीत घालून अहमदपूरच्या गाडीला गेला होता; तेथे संध्याकाळची दुसरी वरात होती. खर्चाच्या वहीत त्या दिवसाच्या पानावर, मंडप आणि आचारी यांच्या रकमांच्या खाली, बँडची रक्कम आहे, तिच्यासमोर अकरा नावे आहेत आणि बाराव्या ओळीत ‘क्लॅरिनेट’ असे लिहून पुढची जागा कोरी सोडलेली आहे.