पंपावरच्या नळीत आपला ऊस

मंचरच्या बाजाराहून परतताना मोटारसायकलमध्ये पाच लिटर पेट्रोल भरले, तर त्यातले जवळजवळ एक लिटर पेट्रोल नसतेच. ते इथेनॉल असते, म्हणजे उसाची मळी, उसाचा रस, मका किंवा तांदूळ यांपासून काढलेले अल्कोहोल. आपण ऊस कारखान्याला घातला, वजनकाट्याची पावती घेतली, की आपला संबंध संपला असे आपल्याला वाटते. पण पारगावचा भीमाशंकर काय किंवा जुन्नरकडचा विघ्नहर काय, साखरधंद्याचे निम्मे राजकारण आता तेल कंपन्यांच्या खरेदीभोवती फिरते. तेव्हा हे गिऱ्हाईक कसे आहे ते समजून घेऊ या.

१९७३ साली अरब देशांनी तेलाची नाडी आवळली, ते दिवस घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९७४ मध्ये, 'सागर सम्राट' या रिगने मुंबईजवळच्या समुद्रात तेल शोधले. मोठा आनंद झाला होता. तरीही आज देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शेकडा ८५ हून अधिक बाहेरूनच येते. म्हणून २००१ मध्ये आपल्याच राज्यात मिरज आणि मनमाड येथे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग झाले. २०१४ च्या सुमारास हे प्रमाण शेकडा दीडच होते. २०२५ मध्ये ते २० वर पोहोचले.

हे काम करतात कोण? तेच, जे पेट्रोल विकतात. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम इथेनॉल विकत घेतात, डेपोत मिसळतात आणि पंपावर धाडतात. तेल जाळून हवा तापते, तर तेलवाल्यांनीच दुसरे इंधन आणावे, हा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे. पण माझ्या मते तेलधंद्याला यात आपलाही लाभ दिसतो: इथेनॉल मिसळले की पेट्रोलचा पंप चालूच राहतो.

आणि भाव ठरवतो कोण? २०२४-२५ साठी केंद्राने उसाच्या रसाच्या इथेनॉलला लिटरला ६५ रुपये ६१ पैसे दिले, तर मक्याच्या इथेनॉलला ७१ रुपये ८६ पैसे. साहजिकच मक्याकडे ओढा वाढला. ज्यांच्या घरी कोंबड्यांच्या शेड आहेत, त्यांना खाद्याचे बिल पाहून हे कळलेच असेल. त्याआधी पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी भीती वाटली, तेव्हा ७ डिसेंबर २०२३ ला रसापासून इथेनॉल करायला एका फर्मानाने बंदी आली. आठवडाभरात ती थोडी सैल झाली, पण पूर्ण उठायला ऑगस्ट २०२४ उजाडला. कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्या कारखान्यांनी ते महिने कसे काढले असतील? कर्जाचा हप्ता तर थांबत नाही, आणि कारखाना अडला की उसाचे पैसे उशिरा मिळतात.

डिंभ्याचे पाणी आहे म्हणून आपल्याकडे ऊस उभा आहे. त्या पाण्याचे इंधन करायचे की बटाटा, कांदा, चारा करायचा, हा हिशेब प्रत्येकाने आपल्या विहिरीकडे पाहून करावा. उद्या मोटारी विजेवर गेल्या, तर पेट्रोल कमी खपेल आणि त्याच्याबरोबर इथेनॉलही. तोडणीला आलेल्या उसाला मात्र थांबता येत नाही.

आता घरातली गोष्ट. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ताकद कमी असते, म्हणून गाडीचे ॲव्हरेज थोडे उतरते. ते पाणीही ओढून घेते. टाकीत पाणी शिरले, तर ते इथेनॉलसकट तळाला बसते आणि गाडी बंद पडते. पावसाळ्यात टाकीचे झाकण घट्ट ठेवा. गाडी जुनी असेल, तर रबरी नळ्या मेकॅनिकला दाखवून घ्या. पेट्रोलवरचा फवारणी पंप हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून, उरलेले पेट्रोल संपेपर्यंत चालवून मगच माळ्यावर टाका. डिझेल इंजिनवाल्यांनी घाबरू नये. ही मिसळ पेट्रोलपुरतीच आहे.

आणि कारखान्याच्या वार्षिक सभेला जाल, तेव्हा चहा-नाश्त्याआधी एक विचारा: इथेनॉलचे पैसे किती आले, आणि त्यातले उसाच्या भावात किती उतरले?