‘सोबर’ रंग म्हणजे नेमका कोणाचा रंग?

गाडी घ्यायची ठरली की घरात पहिली चर्चा हप्त्याची होते, दुसरी मायलेजची आणि तिसरी रंगाची. पहिल्या दोन आकड्यांच्या असतात म्हणून लवकर संपतात. तिसरी लांबत जाते, आणि शेवटी घरातला एखादा शहाणा माणूस म्हणतो, “जाऊ द्या, पांढरी घ्या. सोबर दिसते, विकताना भाव येतो.” विषय मिटतो. आपल्याला वाटतं की आपण आपल्या आवडीने रंग निवडला. प्रत्यक्षात आपण शोरूमची पायरी चढण्याआधीच तो निवडला गेलेला असतो.

“रंगाची आवड ज्याची त्याची” हे वाक्य ऐकायला लोकशाहीवादी वाटतं, पण ते खोटं आहे. आवड जर खरोखर ज्याची त्याची असती, तर लाखो माणसांची आवड एकाच वेळी कशी बदलली असती? अमेरिकेत १९५० च्या दशकात दोन-दोन, तीन-तीन रंगांच्या गाड्या हव्या होत्या, त्यात गुलाबीसुद्धा. १९७० च्या दशकात तोच देश तपकिरी, मोहरी आणि ऑलिव्ह हिरव्याच्या मागे लागला. १९९० च्या दशकाच्या मध्याला गडद हिरव्याची लाट आली. २००० च्या आसपास जगभर चंदेरी रंग, आणि मग पांढरा. आज जगात तयार होणाऱ्या गाड्यांपैकी साधारण पाचातल्या चार गाड्या पांढऱ्या, काळ्या, करड्या किंवा चंदेरी असतात. म्हणजे ज्यांना रंग म्हणावं की नाही असा प्रश्न पडेल, असेच चार. इतक्या माणसांना एकदम एकच साक्षात्कार होत नसतो. कोणीतरी तो घडवून आणतो.

कोण, ते पाहू.

हेन्री फोर्डच्या मॉडेल टी गाडीची गोष्ट सगळे सांगतात, पण अर्धीच सांगतात. १९०८ मध्ये ही गाडी बाजारात आली तेव्हा ती इतर रंगांतही मिळत होती. १९१४ ते १९२५ या काळात मात्र ती फक्त काळ्या रंगात निघाली. फोर्डला काळ्याचं प्रेम होतं असं नाही. तो काळा रंग स्वस्त होता, टिकाऊ होता आणि मुख्य म्हणजे लवकर वाळत होता. असेंब्ली लाइन सुरू झाली होती, आणि रंग वाळेपर्यंत गाड्या उभ्या करून ठेवायला जागा नव्हती. तेव्हाच्या चांगल्या वार्निश रंगाला पूर्ण वाळायला काही आठवडे लागत. कारखान्याला परवडलं ते गिऱ्हाइकाच्या माथी मारलं, आणि गिऱ्हाइकाने ते आनंदाने मिरवलं.

नेमक्या याच काळात, १९१३ ते १९१६, बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्या शहराच्या रस्त्यांवर तेव्हा काळ्या फोर्ड गाड्या वाढत होत्या. ९ मे १९१६ रोजी त्यांनी गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये भारतातल्या जातींवरचा आपला निबंध वाचला. जात वरून खाली कशी पसरली हे समजावताना त्यांनी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गॅब्रिएल तार्द याच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतला. अनुकरण वरच्याकडून खालच्याकडे वाहतं, आणि जो जितका जवळ तो तितकी नक्कल जास्त करतो. ब्राह्मणांनी आपलं दार लावून घेतलं, त्यांच्या जवळच्यांनी पाहून पाहून आपलं लावलं, आणि उरलेल्यांना आपल्यासमोर दार बंद झालेलं दिसलं. फॅशनच्या अभ्यासकांनी या निबंधाकडे क्वचितच पाहिलं असेल. मला मात्र गाड्यांच्या रंगांचा इतिहास वाचताना तो पानोपानी आठवतो. याला मी एकच जोड देईन. खालच्याने नक्कल केली की वरचा जागा सोडतो आणि नवी खूण शोधतो. जातीत त्याला सहज जागा सोडता येत नाही, म्हणून तो मारहाण करतो. बाजारात तो नवा रंग विकत घेतो.

१९२० च्या दशकात जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने हेच ओळखलं. सगळ्यांना एकच काळी गाडी विकण्यापेक्षा माणसाच्या ऐपतीप्रमाणे पायऱ्या बनवायच्या आणि दरवर्षी गाडीचं रूप बदलायचं. शेवरोलेवाल्याला ब्यूक हवीशी वाटली पाहिजे आणि ब्यूकवाल्याला कॅडिलॅक. श्रेणीबद्ध विषमता हा शब्द आपण ज्यासाठी वापरतो, त्याची ही कारखान्यातली आवृत्ती समजा. फरक एवढाच की इथे पायरी चढायला पैसे लागत, जन्म नाही. त्यासाठी लवकर वाळणारा रंगीत लेप हवा होता. तो ड्यूपाँ कंपनीने दिला, नाव ड्युको. १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर तो पहिल्यांदा आला. आठवड्यांचं काम तासांवर आलं. त्या पहिल्या ओकलंडचा रंग निळा होता, ‘ट्रू ब्लू’ हे त्याचं नाव! (हा निव्वळ योगायोग आहे, कृपया व्हॉट्सअ‍ॅपवर यातून काही सिद्ध करू नये.) १९२७ मध्ये जनरल मोटर्सने हार्ले अर्लच्या हाताखाली ‘आर्ट अँड कलर’ नावाचा वेगळा विभागच काढला. त्याच वर्षी मॉडेल टी बंद पडली.

आता मालकी पाहा. ड्यूपाँने १९१७ ते १९१९ या काळात जनरल मोटर्सचे सुमारे २३ टक्के शेअर घेतले होते. रंग बनवणाराच गाडी बनवणाऱ्याचा मोठा भागीदार. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये ही भागीदारी मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करते असा निकाल दिला, आणि त्या खटल्यात गाड्यांचे रंग आणि कापड हाच कळीचा माल होता. ज्याला लोक ‘बदलती अभिरुची’ म्हणत होते, तिचा ताळेबंद कुठेतरी मांडला जात होता.

आणि तो रंग मारत कोण होतं? डेट्रॉइटच्या कारखान्यांत काळ्या कामगारांना जागा मिळायची ती प्रामुख्याने फाउंड्रीत, झाडलोटीला आणि स्प्रे पेंटिंगला. ड्युकोची वाफ छातीत घेऊन माणूस फार दिवस टिकत नाही हे व्यवस्थापनाला माहीत होतं, म्हणूनच ते काम गोऱ्यांना नको होतं. गुलाबी गाडीत बसून सिनेमाला जाणाऱ्या जोडप्याला हे ठाऊक असायचं कारण नाही. जात म्हणजे श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी, असं बाबासाहेब सांगतात तेव्हा आपण गटार आणि चामडं डोळ्यांपुढे आणतो. झुळझुळीत चमकणारा बॉनेटही त्याच विभागणीतून आलेला असतो.

काही मित्र म्हणतील, ताणतोयस. पांढरा रंग उन्हात कमी तापतो, त्यावर धूळ कमी दिसते, आपल्या हवेला तो बरा. बरोबर आहे, ऊन कमी शोषून घेतो हे विज्ञान आहे. पण मग गेल्या काही वर्षांत काळ्या आणि गडद करड्या गाड्या का वाढल्या? ऊन कमी झालं का? झालं असं की टुरिस्ट परवान्याच्या गाड्या सर्रास पांढऱ्या झाल्या. आता सोसायटीत नवी पांढरी सेदान आली की शेजारी विचारतात, “ओला-उबरला लावली का?” या एका प्रश्नाने किती जणांनी बुकिंगचा रंग बदलला असेल! ड्रायव्हरसारखं दिसण्याची भीती उन्हापेक्षा जास्त तापते. टाटांच्या नॅनोचंही हेच झालं. २००९ ला वाजतगाजत आली, पिवळी गाडी पेपरांच्या पहिल्या पानावर झळकली, पण ‘सगळ्यात स्वस्त’ हा शिक्का घेऊन कोणाला रस्त्यावर मिरवायचं नव्हतं. खुद्द रतन टाटांनी पुढे हा शिक्का चूक होता असं मान्य केलं. चार चाकं, छप्पर, मुलंबाळं कोरडी, एवढं असूनही माणसाला आधी हे हवं असतं की कोणीतरी आपल्या खाली राहावा.

आपल्या देशात पांढऱ्याला आणखी एक वजन आहे. कित्येक दशकं पांढरी अ‍ॅम्बेसेडर म्हणजे सरकार. कलेक्टर, मंत्री, सचिव, वर लाल दिवा. दिवा १ मे २०१७ पासून गेला आणि अ‍ॅम्बेसेडरचं उत्पादन त्याआधीच, २०१४ मध्ये थांबलं, पण पांढऱ्याचा दरारा पांढऱ्या एसयूव्हीत जाऊन बसला. मुंबईत त्याच काळात काळी-पिवळी फियाट गल्लोगल्ली फिरली, तिने शहर वाहून नेलं, पण त्या रंगाची खासगी गाडी घेण्याचं कोणाच्या स्वप्नात आलं नाही. रंग तेच, फक्त त्यावर कष्टाचा शिक्का बसला.

‘भडक’ हा शब्द तपासा. डिझायनरने नारिंगी गाडी काढली तर ती ‘बोल्ड’. रिक्षावाल्याने हुडावर मोर काढला तर तो ‘भडक’, ‘गावठी’, आणि दार लावून बोलताना ‘झोपडपट्टी छाप’. रंग एकच, माणूस बदलला की विशेषण बदलतं. रंगांवरची ही पोलिसगिरी नवी नाही. ‘जातिनिर्मूलना’त बाबासाहेबांनी इंदूर जिल्ह्यातला १९२८ चा प्रकार नोंदवला आहे. कनारिया, बिचोली-हाफसी, बिचोली-मर्दाना आणि आसपासच्या गावांत सवर्णांनी बलाई समाजाला फर्मान काढलं की जरीच्या काठाचे फेटे बांधायचे नाहीत, रंगीत किंवा नक्षीच्या काठांची धोतरं नेसायची नाहीत, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. धोतराचा काठ! त्या दोन बोटांच्या रंगीत पट्टीने गावाची उतरंड हलत होती. आणि त्याच सुमारास, डिसेंबर १९२७ मध्ये, महाडला बाबासाहेब आपल्या आयाबहिणींना सांगत होते की अस्पृश्यतेची ओळख सांगणारी लुगडं नेसण्याची पद्धत आणि ते जड दागिने सोडा. कोणी काय नेसावं हा प्रश्न त्यांच्या लेखी किरकोळ नव्हता. मग चारचाकीच्या रंगावर आम्ही बोललो की “आता यातही जात आणली” असं का म्हणतात?

आता थोडं आपल्या लोकांबद्दल. शिकलेला, नोकरीतला, कर्ज काढून पहिली गाडी घेणारा आपला वर्ग ‘सोबर’ या शब्दाला फार लवकर शरण जातो. माझ्या एका नातेवाइकाने मागे निळी हॅचबॅक विकायला काढली. दलाल गाडीभोवती फिरला, मागच्या काचेवरचं ‘जय भीम’ वाचलं आणि म्हणाला, “साहेब, आधी स्टिकर काढा, गिऱ्हाईक बिचकतं. रंगाचं नंतर बघू.” त्याच्याच आवारात तलवारींचे, वाघसिंहांचे, आडनावांचे स्टिकर लावलेल्या गाड्या उभ्या होत्या. त्यांना गिऱ्हाईक बिचकत नव्हतं. नातेवाइकाने ब्लेडने स्टिकर खरवडला. मी त्याला दोष देत नाही, त्याला पैसे हवे होते. पण ‘रिसेल व्हॅल्यू’ नावाची जी गोष्ट आपण निसर्गनियमासारखी मानतो, ती अशा शंभर बिचकणाऱ्या गिऱ्हाइकांची बेरीज असते, हे निदान ओळखून तरी असावं. मोबाइलवर ‘जय भीम’ची रिंगटोन वाजली म्हणून २०१५ मध्ये शिर्डीत आपला एक तरुण मारला गेला. खुणेची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको.

याचा अर्थ सगळ्यांनी निळ्या गाड्या घ्या, असं मी म्हणत नाही. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या झेंड्यापासून निळा आपला आहे, पण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत उभी होती, आणि तो पांढराही आपलाच. शोरूमचा निळा तर ज्याच्याकडे पैसे त्याचा. उद्या कंपन्यांनी निळ्याची लाट आणली तर तो शंभर टक्के चळवळीचा विजय नसेल, पेंट कंपनीच्या वार्षिक अहवालातली एक ओळ असेल. घ्यायची ती पिवळी घ्या, पांढरी घ्या, फक्त ‘लोक काय म्हणतील’ मधले लोक कोण, त्यांची नावं एकदा कागदावर लिहून पाहा.

मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. ‘ड्युको’ हा शब्द कंपनीचं नाव म्हणून आला आणि आपल्याकडे कामाचं नाव होऊन राहिला. आजही गल्लीतल्या गॅरेजवर पाटी असते, डेंटिंग-पेंटिंग-ड्युको. आत जा. दार ओढून घेतलेलं असतं, कारण रंगावर धूळ बसता कामा नये. तोंडाला रुमाल बांधलेला पोरगा, बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला नाहीतर मुस्लिम मोहल्ल्यातला, हातात स्प्रे गन घेऊन उभा असतो. हल्लीच्या हार्डनर मिसळून मारायच्या रंगात आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा जडतो, आणि रुमालाने ते अडत नाही. हवा पुरवणारा मास्क लागतो, वारा खेचणारं बूथ लागतं. नोंदणी नाही म्हणून ईएसआय नाही, ईएसआय नाही म्हणून त्याचा दमा कुठल्या कागदावर नाही. आपल्या कामगार संघटना बांधकाम मजुरांची नोंदणी करून घेतात, घरेलू कामगारांची करतात, या पोरांकडे अजून वळलेल्या नाहीत. पुढच्या वेळी गाडीचा ओरखडा काढायला जाल तेव्हा रंगाचा कोड जुळतो का हे विचारालच. मास्क कुठे आहे, हेही मालकाला त्याच्यासमोर विचारा, आणि नसेल तर गाडी परत घेऊन या.