औषध आणण्याआधी भुंग्याचे पाय बघा

मृगाचा पाऊस झाला की रात्री बल्बभोवती भुंगेरे जमतात आणि सकाळी आम्हाला निरोप येतो, "साहेब, हुमणी आली, औषध सांगा." सांगायला काय, तोंडानं सांगता येतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी कळंब तालुक्यात मीही बांधावर उभा राहून सांगून टाकलं. त्या शेतकऱ्यानं उधारीवर औषध आणून टाकलं. नंतर भिंगाखाली धरलं, तर किडा हुमणीचा नव्हताच.

हुमणीचा भुंगेरा जाडजूड, तपकिरी. मिशीचं टोक पंख्यासारखं उघडतं. रात्री कडुनिंब, बाभूळ, बोरीचा पाला खातो. त्याची वाकडी पांढरी अळी सोयाबीन-उसाची मुळं खाते. माझ्या हातातला भुंगा लांबट होता, मिशी दोऱ्यासारखी. पुढच्या चार पायांच्या पंजांना पाच-पाच पेरं, मागच्या दोन्हींना चार-चार. आणि नखांना आतून फणीसारखे बारीक दाते! या दोन्ही खुणा एकत्र दिसल्या की तो अलेक्युलिनी गटातला समजावा. पूर्वी हे वेगळं कुळ मानत. आता पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्याच्या टेनेब्रिओनिडी कुळातच त्याला धरतात. यातले पुष्कळ भुंगे फुलांच्या परागावर जगतात, अळ्या कुजक्या लाकडात नाहीतर पालापाचोळ्याच्या मातीत. त्यांच्यासाठी औषध म्हणजे पैसा मातीत.

पण त्याच कुळातला गोनोसेफॅलम सोडून देऊ नका. तो मातकट, अंगाला माती चिकटलेला, नखं साधी. उगवतं रोप कुरतडतो.

नेमकी जात मात्र आमच्या भिंगानं ठरत नाही. त्यासाठी नराचं जननेंद्रिय तपासावं लागतं, ते तज्ज्ञांचं काम. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, परभणीला कृषी विद्यापीठ आहे. चार-पाच भुंगे स्पिरिटच्या बाटलीत टाका. आत चिठ्ठी ठेवा: गाव, तारीख, कोणत्या झाडावर सापडला. चिठ्ठी पेन्सिलीनंच लिहा, शाई स्पिरिटमध्ये विरघळते.

माझं स्पष्ट मत आहे, चूक शेतकऱ्याची नाही. आमच्या पिशवीत औषधांचे तक्ते असतात, भिंग नसतं. प्रत्येक तालुक्याला त्याच तालुक्यातल्या भुंग्यांची टाचणीला लावलेली पेटी हवी. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ती खरिपाआधीच्या ग्रामसभेत मागून आणावी, लोकांच्या हातात द्यावी. कळंबच्या त्या शेतकऱ्यानं मला एका शब्दानं बोल लावला नाही. मात्र पुढच्या वर्षी काडेपेटीत भुंगा घेऊन तोच कार्यालयात आला.