अडलेलं ड्रॉइंगही शिकवा

आयटीआय असो की पदविका, तांत्रिक शिक्षणात आज कॅड शिकल्याशिवाय पुढे जाता येत नाही. संगणकावर सपाट आकृती काढायची आणि तिला जाडी देऊन घन वस्तू उभी करायची, ही त्यातली पहिली मोठी पायरी. तिला एक्स्ट्रूड म्हणतात. सोऱ्याच्या चकतीला जसं भोक, तशी शेव उतरते. तसंच हे काम. आज्ञा सोपी आहे, मुलं ती पहिल्याच तासाला शिकतात. खरी अडचण येते ती आकृती जाडी घ्यायला नकार देते तेव्हा. पडद्यावर एक ओळीचा संदेश उमटतो आणि बहुतेक मुलं सगळं पुसून पुन्हा काढायला बसतात. माझ्या मते त्या दिवसाचा सर्वांत मोलाचा धडा त्या संदेशातच असतो, आणि नेमका तोच आपल्या वर्गांत शिकवायचा राहून जातो.

१०० बाय ६० मिलिमीटरची साधी पट्टी घ्या. चार रेषा काढून सलग जोडल्या, पण एका कोपऱ्यात दोन टोकांमध्ये ०.०२ मिलिमीटरची फट राहिली. पडद्यावर ती दिसत नाही. ऑटोकॅडमध्ये एक्स्ट्रूड दिलं की ठोकळा मिळत नाही, नुसत्या चार उभ्या भिंती मिळतात. वर झाकण नाही, खाली तळ नाही. कारण सरळ आहे. घन बनवायचा तर आतली बाजू कोणती आणि बाहेरची कोणती हे ठरावं लागतं, आणि हद्द फुटलेली असेल तर ते ठरत नाही. एका रेषेवर दुसरी रेषा बसली असेल किंवा रेषा एकमेकींना छेदत असतील, तरी हीच गत. डोळ्यांना जुळलेलं दिसणं वेगळं आणि दोन टोकं एकमेकांना बांधलेली असणं वेगळं. इव्हान सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटीत ‘स्केचपॅड’ हा रेखाटनाचा प्रोग्राम मांडला, तेव्हाच रेषांमधली ही बंधनं त्यात होती. फट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दोष शोधण्याची रीत शिकवायला हवी. ओव्हरकिल ही आज्ञा देऊन दुहेरी रेषा काढून टाका, मग जॉइन देऊन बघा. साखळी जिथे तुटते तिथे झूम करा. आकृती मोठी असेल तर तिची प्रत घ्या, अर्धा भाग वगळून पाहा, मग उरलेल्याचा अर्धा. दोष कुठे दडलाय हे चारपाच फेऱ्यांत कळतं.

काही वेळा रेषा निर्दोष असतात आणि तरीही सॉफ्टवेअर थांबतं. २० मिलिमीटर व्यासाची दोन भोकं, केंद्रांमधलं अंतरही २० मिलिमीटर. दोन्ही वर्तुळं एका बिंदूत टेकतात. जाडी दिली की मधल्या भिंतीची जाडी तिथे शून्य होते. सॉलिडवर्क्स अशा वेळी शून्य जाडीची तक्रार करून काम नाकारतं, आणि ते योग्यच आहे. शून्य जाडीची भिंत कुठलंही ड्रिल ठेवू शकत नाही. इथे दुरुस्तीचं बटण कामाचं नाही. केंद्रं २४ मिलिमीटरवर नेऊन मध्ये ४ मिलिमीटर धातू ठेवायचा, की दोन्ही भोकं मिळून एकच लांबट खाच करायची? याचं उत्तर त्या भागावर येणाऱ्या भारात आणि जोडणीत आहे. आपण म्हणतो सॉफ्टवेअर अडलं. अडलेला असतो तो आराखडा.

यावर आक्षेप येतो की नवी सॉफ्टवेअरं फटी आपोआप बुजवतात आणि उद्या कृत्रिम बुद्धिमत्ता उरलेलंही करेल. ०.०२ मिलिमीटरच्या फटीपुरतं हे मान्य. पण फट अर्ध्या मिलिमीटरची असेल तर? रेषा लांबवायची, टोक सरकवायचं की मध्ये तुकडा जोडायचा? तिन्हींतून तीन वेगळे आकार निघतात. तुकडा जोडला तर भिंतीवर अर्ध्या मिलिमीटरची चिंचोळी पट्टी उभी राहते आणि पुढे तीच कड गोल करताना काम पुन्हा अडतं. कोणता आकार हवा होता, हे यंत्राला फक्त अंदाजानेच ठरवता येतं. शिवाय काही दोष संदेशही देत नाहीत. फ्रीकॅडमध्ये मूळ स्केच बदललं की पृष्ठभागांचे क्रमांक बदलत आणि एका पृष्ठभागावर काढलेलं भोक गुपचूप दुसरीकडे जाऊन बसे. नोव्हेंबर २०२४ च्या १.० आवृत्तीने हा त्रास बराच कमी केला, पण मूळ प्रतलांना धरून बांधणी करायची सवय आजही शिकवावीच लागते.

दुसरा आक्षेप वेळेचा: पुन्हा काढणं लवकर होतं, कारखान्याला वेग हवा असतो. चार रेषांच्या पट्टीसाठी पुन्हा काढणंच शहाणपणाचं, यात वाद नाही. पण नोकरीत ड्रॉइंग बहुधा दुसऱ्या कुणाचं असतं. भोसरी, सातपूर, वाळूजच्या छोट्या वर्कशॉपमध्ये ग्राहकाची डीएक्सएफ फाइल येते, शेकडो रेषांची. ती पुन्हा काढायला घेतली की वेळ जातो आणि एखादं माप चुकण्याची भीती वेगळीच. तशीच पुढे पाठवली तर दुहेरी रेषेवर लेझर दोनदा फिरतो, कड जळते, पत्रा भंगारात जातो. वेगाचाच विचार करायचा तर दोष ओळखणारा माणूस तिथे अधिक वेगवान ठरतो.

यासाठी नवा विषय नको, महागडा परवानाही नको. फ्रीकॅड मोफत मिळतं. प्रात्यक्षिकाचे पेपर काढणाऱ्यांना एवढीच विनंती: पुढच्या परीक्षेत नवं ड्रॉइंग काढायला सांगण्याबरोबर एक बिघडलेली फाइल द्या, आणि निम्मे गुण ती का अडली हे नीट लिहिणाऱ्याला द्या.