आश्वासन सभेत, खर्च बजेटात; २७ गावांनी हिशोब विचारायचा कुठं?

कल्याण : ग्रामपंचायतीत हिशोब मागायला लांब जावं लागत नाही. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी समोर असतात, मागच्या सभेत ठरलेल्या गटाराचं काय झालं हे कोणीही उभं राहून विचारू शकतो. उत्तर पटो न पटो, विचारायची जागा तरी असते.

कल्याण तालुक्यातल्या २७ गावांची ही जागा १ जून २०१५ ला गेली. त्या दिवशी ही गावं कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली. खरं तर १९८३ मध्ये महापालिका झाली तेव्हाही ती आत होती, २००२ मध्ये बाहेर काढली, २०१५ मध्ये पुन्हा घेतली. २०२० मध्ये यातली १८ गावं वेगळी काढून नगरपरिषद करायचा निर्णय झाला, तो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. एवढ्या ये-जा मध्ये एक प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. आश्वासन एकाने दिलं, गाव दुसऱ्याच्या ताब्यात गेलं, मग ते पाळायचं कोणी?

६,५०० कोटी कोणाच्या खिशातले?

१ नोव्हेंबर २०१५ ला महापालिकेचं मतदान होतं. त्याआधी ऑक्टोबरमध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी कल्याण-डोंबिवलीसाठी ६,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. ‘ते पैसे कुठं गेले’ हा प्रश्न त्यानंतर प्रत्येक निवडणुकीत आला. विरोधक म्हणतात काहीच आलं नाही, सत्ताधारी कामांची यादी वाचून दाखवतात.

दोघांचं भांडण मिटत नाही, कारण ही रक्कम एका तिजोरीतली नव्हतीच. २७ पैकी १० गावांतलं ग्रोथ सेंटर एमएमआरडीएकडे, शिळफाटा रस्ता रस्ते विकास महामंडळाकडे, गावांना येणारं पाणी एमआयडीसीचं, आणि अमृत योजनेच्या जलवाहिन्या महापालिकेच्या. गावकरी प्रभाग कार्यालयात गेला की ‘हे आमच्याकडे नाही’ असं उत्तर मिळतं, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. एकूण आकडा मोठा, पण कुठलं काम, कोणतं खातं, कोणती तारीख, हे एका कागदावर नसेल तर मोजणार काय?

तारीख असली की काम हलतं

आधारवाडी डम्पिंगचं उदाहरण बघा. बंद करतो, बंद करतो असं वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं. कचऱ्याची व्यवस्था नाही म्हणून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांच्या परवानग्याच रोखल्या, तेव्हा यंत्रणेला घाम फुटला. २०१६ मध्ये बंदी उठली, तरी डम्पिंग बंद व्हायला मे २०२१ उजाडला. पत्रीपुलाचंही तसंच. नोव्हेंबर २०१८ मध्ये जुना पूल पाडला, नवा जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला. मधल्या काळात मुदती चुकल्या, पण पूल रोजच्या वाटेवर असल्याने लोक प्रत्येक तारखेला जाब विचारत राहिले. गावातल्या आतल्या रस्त्याला असा पहारा मिळत नाही.

विचारायला माणूसही नव्हता

नोव्हेंबर २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. पुढची पाच वर्षं प्रशासकाचा कारभार चालला. म्हणजे प्रस्ताव मांडणारं आणि मंजूर करणारं टेबल एकच. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर १२२ नगरसेवक आले. पण बहुतेक पॅनेलमध्ये चार-चार आहेत, त्यामुळे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय आहेच. शहरासाठी ग्रामसभेसारखी ‘क्षेत्र सभा’ कायद्यात २००९ मध्येच आली, पण ती भरल्याचं ऐकायला मिळत नाही.

सरकारी पातळीवर मोजमाप होत नाही असं नाही. २०२५ मध्ये राज्याने कार्यालयांसाठी १०० दिवसांचा कार्यक्रम घेतला. त्यात महापालिकांमध्ये शेजारची उल्हासनगर राज्यात पहिली आली. पण तिथं गुण होते संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रार निवारण, कार्यालयातल्या सोयी अशा गोष्टींना. कार्यालय सुधारलं हे चांगलंच, पण नळाला पाणी आलं का हा वेगळा हिशोब आहे.

बजेटचे रकाने वाचा

तो हिशोब गावकऱ्याला स्वतः करता येतो. महापालिकेच्या बजेटात प्रत्येक कामापुढे रकाने असतात: मागच्या वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाची तरतूद. समजा एका पाण्याच्या टाकीला मूळ अंदाजात पाच कोटी दाखवले, सुधारितमध्ये पन्नास लाख उरले आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाच कोटी आले. तर समजायचं, टाकी भाषणात बांधली जातेय. प्रत्यक्ष खर्चाचा रकाना खोटं बोलत नाही.

त्यापुढे माहिती अधिकार आहे. फी १० रुपये, अर्जाला १५० शब्दांची मर्यादा, विषय एकच. ‘गावाचा विकास कधी’ असं विचारलं तर हाती काही लागत नाही. कामाचं नाव लिहून कार्यादेशाची तारीख, मुदत आणि आजवर दिलेल्या बिलांच्या प्रती मागाव्यात. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करता येतं. काम दुसऱ्या यंत्रणेचं निघालं तर तो अर्ज कायद्यानुसार पाच दिवसांत त्या यंत्रणेकडे पाठवावा लागतो. म्हणजे ‘आमच्याकडे नाही’ म्हणून अर्जदाराला परत पाठवता येत नाही.

घरपट्टी दहापट झाली ही २७ गावांची जुनी तक्रार आहे. बिल वेळेवर येतं, त्यावर रक्कम असते, मुदत असते, उशीर झाला तर दंडही असतो. गावाला दिलेलं आश्वासनही तसंच लिहून घ्यायला हवं. ज्या गावांच्या वेशीवर आज शहर येऊन ठेपलंय, त्यांनी तर शेवटची ग्रामसभा व्हायच्या आधीच.