दसऱ्याला गाडीला हार घालण्याआधी सीट उचलून बघा



पाऊस ओसरला, भात कापणीला आलं, कलमांना पालवी फुटायला लागली. आता दसऱ्याला जो तो आपली गाडी, फवारणीचा पंप, ग्रासकटर बाहेर काढणार. म्हणून आजची नोंद तुडतुड्यावर नाही, गाडीवर आहे. चार-चार महिने उभी असलेली गाडी थेट किल्ली मारून चालू करायची आपली जी सवय आहे ना, ती सोडा, एवढंच सांगायचंय. ह्या सवयीपायी गेल्या दसऱ्याला माझा गोठा जाता जाता वाचला, आणि पुतण्याचा हात भाजला.

माझ्याकडे आंब्याच्या पेट्या वाहायला जुनी पेट्रोल व्हॅन आहे. कार्बोरेटरची, इंजिन पुढच्या सीटखाली. हंगाम संपला की जूनच्या पहिल्या आठवड्यात ती गोठ्याच्या पडवीत उभी करायची, वर ताडपत्री टाकायची आणि दसऱ्यापर्यंत तिच्याकडे बघायचं नाही, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. बाजूलाच गुरांचा पेंढा. जागा तेवढीच, काय करणार.

दसऱ्याला गाडी तिथंच पुसली, हार घातला, नारळ फोडला आणि किल्ली मारली. बॅटरी मेलेली. पुतण्याने पिकअप आणून केबल लावली. स्टार्टर फिरला, पण इंजिन घेईना. पुतण्या म्हणाला, "काका, कार्बोरेटरात जरा पेट्रोल ओततो, लगेच घेईल." मी म्हटलं, "ओत." दोष त्याचा नाही, ओत म्हणणारा मी. त्याने बाजूची सीट उचलली, फिल्टरचं झाकण काढलं आणि पाण्याच्या बाटलीतून पेट्रोल ओतायला लागला. मी किल्ली फिरवली. फट् करून कार्बोरेटरच्या तोंडातून जाळ वर आला आणि त्याच्या हातातली बाटली पेटली. त्याने ती फेकली ती पेंढ्यापासून दोन हातांवर पडली.

नशीब, आमची ही गुरांना पाणी दाखवत होती. तिने डोणीत गोणपाट बुडवून इंजिनावर टाकलं, दुसरं बाटलीवर. सगळं अर्ध्या मिनिटात झालं. पुतण्याला मनगटापर्यंत फोड आले, पंधरा दिवस त्याला हाताने जेवता येत नव्हतं. पेंढा पेटला असता तर गोठा, त्यातली दोन गुरं आणि मागची कलमं, काय काय गेलं असतं ते मोजायला बसलो की अजून झोप उडते.

दुसऱ्या दिवशी सीट काढून नीट बघितलं. उंदराने सायलेन्सरच्या पाइपावरच घरटं केलेलं. पेंढा, नारळाचं सोडण, गोणपाटाचे धागे. दोन वायरी कुरतडून उघड्या पडलेल्या. पेट्रोलचा रबरी पाइप दुमडून बघितला तर भेगा, आणि बोटाला ओल लागली. म्हणजे बाटली ओतली नसती, गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली असती, तरी पुढे रस्त्यात कुठंतरी ती पेटायचीच होती. फक्त तेव्हा गोणपाट घेऊन कोणी उभं नसतं.

आता हे का होतं ते समजून घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून जात नाही, खाली साचते. इंजिनाच्या खोपच्यात, पडवीच्या कोपऱ्यात. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ झाली की तिला एक ठिणगी पुरते. ती ठिणगी कुठून येते? कुरतडलेल्या वायरीतून, गंजलेल्या टर्मिनलमधून, जंप केबलच्या चिमट्यातून. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर आणि वरून खाऱ्या हवेची गंज. घाटावर दोन वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचं जे होतं, ते आपल्याकडे एका पावसाळ्यात होतं, असा माझा अंदाज आहे.

त्यात पेट्रोलही बदललंय. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, वॉशर हे त्यासाठी बनवलेले नसतात. म्हणून सगळ्या जुन्या गाड्या पेटतील असं मी म्हणत नाही. पण दहा-पंधरा वर्षांचा पाइप अजून तसाच असेल तर तो बदला. पाइप स्वस्त आहे, आणि इथेनॉलला चालणारा मिळतो.

काही जण म्हणतील, आमची गाडी इंजेक्शनची, तिला ही भीती नाही. बाटली ओतायची भीती नाही हे खरं. पण इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत पाइपातला दाब टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त असतो. तिथं भेग असेल तर पेट्रोल ठिबकत नाही, फवारा उडतो. डिझेल सहज पेटत नाही म्हणतात, तेही खरं. पण तेच डिझेल तापलेल्या एक्झॉस्टवर उडालं तर पेटतं. आणि उंदीर काही पेट्रोल-डिझेल बघून घरटं करत नाही.

आमच्या वाडीत चाकरमान्यांच्या तीन गाड्या वर्षभर उभ्या असतात. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात मालक रेल्वेने येतो, अंगणात बॅग ठेवतो आणि पहिली किल्ली मारतो. २५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला तेव्हा तर सगळ्यांच्याच गाड्या महिनोन्महिने जागेवर होत्या. त्या वर्षी काही झालं नाही, म्हणून आपण निर्धास्त झालो. "आजवर काही झालंय काय?" हे वाक्य मीही म्हणायचो. कलमाला भिरूड लागला तरी पहिली दोन वर्षं काही झालेलं दिसत नाही. खोडातून भुसा पडायला लागला की मग आपण धावतो.

चिपळूणकरांना तर सांगायलाच नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या चिखलात बुडाल्या. पाण्यात बुडालेल्या गाडीला किल्ली लावायची नाही, बॅटरी सोडवून तिला टो करून न्यायचं, हे तेव्हा लोक शिकले. मला वाटतं पावसाळाभर बंद ठेवलेल्या गाडीलाही थोडा तसाच मान द्यावा.

मी आता काय करतो ते लिहितो. ह्याला अर्धा तास लागतो.

१. जूनमध्ये उभी करतानाच बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर सोडवून ठेवतो. वायर कुरतडली तरी करंट नाही, आणि बॅटरीही कमी उतरते.

२. गाडीजवळ पेंढा, सोडण, गोणपाट, पातेरा काही ठेवत नाही. पेंढा आता गोठ्याच्या पलीकडे रचतो. महिन्यातून एकदा बॉनेट किंवा सीट उघडून बघतो. उजेड आणि वर्दळ असली की उंदीर घर करायला कचरतो.

३. दसऱ्याला गाडी आधी ढकलून उघड्या अंगणात घेतो. पडवीत किल्ली नाही. खाली सुकं गवतही नको. मोठी गाडी असेल तर चार माणसं बोलवा, दसऱ्याला माणसं कमी नसतात.

४. किल्लीआधी नाक. पेट्रोलचा वास आला तर तिथंच थांबायचं. मग इंजिन, सायलेन्सरचा वरचा पत्रा, एअर फिल्टरचा डबा, सगळीकडे बॅटरीने उजेड मारून घरटं बघायचं. काढताना हातमोजे आणि तोंडाला फडकं, उंदराच्या मुतातून लेप्टो होतो हे आपल्याला माहीत आहे. पाइप दुमडून बघायचे, वायरी बघायच्या. उघडी वायर दिसली तर चिकटपट्टीवर भागवायचं नाही, इलेक्ट्रिशियन बोलवायचा. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार तर कधीच नाही.

५. जंप करायचंच असेल तर लाल वायर आधी मेलेल्या बॅटरीला, मग चांगल्या बॅटरीला. काळी चांगल्या बॅटरीला, आणि तिचं दुसरं टोक मेलेल्या बॅटरीवर न लावता इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथं ठिणगी नको.

६. इंजेक्शनची गाडी असेल तर किल्ली आधी नुसती 'ऑन'वर. बऱ्याच गाड्यांत पंप दोन-तीन सेकंद घुमतो, पाइपात दाब भरतो. असं दोन वेळा करून दुसऱ्या माणसाने खाली-वर गळती बघायची. मगच स्टार्टर.

७. कार्बोरेटरात बाटलीने पेट्रोल ओतायचं नाही. टाकीत ताजं पेट्रोल घालून, चांगली बॅटरी लावून थोडं थोडं फिरवलं की पंप आपोआप ओढतो. नाहीच ओढलं तर मेकॅनिक.

८. चालू झाल्यावर दहा मिनिटं गाडी सोडून जायचं नाही. जळका वास, धूर, काही वाटलं की किल्ली बंद.

हेच एचटीपी पंपाच्या इंजिनाला आणि ग्रासकटरला. टाकीत पेट्रोल ठेवून ते पावसाळाभर भिंतीला टांगू नका, रिकामं करून ठेवा. तापलेल्या ग्रासकटरात पेट्रोल ओतू नका.

आणि एवढं करूनही पेटलीच तर? किल्ली बंद करा, माणसं लांब करा. बॉनेट सताड उघडू नका, वारा मिळाला की जाळ उसळतो. फटीतून पावडरचा सिलिंडर मारा. आमच्याकडे आता एबीसी पावडरचा दोन किलोचा आहे, गोठ्याच्या बाहेर टांगलेला. तो नसेल तर माती, वाळू, ओलं गोणपाट. पेट्रोलच्या जाळावर बादलीने पाणी ओतू नका, पेटतं पेट्रोल पाण्यावर तरंगून पसरतं. आवरत नाही असं दिसलं की गाडी सोडा, गुरांची दावी सोडा आणि ११२ लावा. गाडी परत घेता येते. विम्याचंही बघून ठेवा. नुसता थर्ड पार्टी असेल तर आपल्या जळालेल्या गाडीचा रुपया मिळत नाही. मला हे दुसऱ्या दिवशी कागद काढल्यावर कळलं.

कृषी सहाय्यक आणि विद्यापीठातली जी मंडळी ही नोंद वाचतात त्यांना एक विनंती. मोहोर संरक्षणाची शिबिरं तुम्ही घेता, त्याचा आम्हाला फायदाच होतो. त्यात पंधरा मिनिटं ह्या यंत्रांना द्या. पावसाळ्यापूर्वी यंत्र कसं ठेवायचं आणि नंतर कसं चालू करायचं, हे मला तरी अजून कुठल्या शिबिरात ऐकायला मिळालेलं नाही. फवारणीची मात्रा चुकली तर एका वर्षाचा मोहोर जातो. सुक्या गवतात गाडी पेटून वणवा लागला तर वीस वर्षांची कलमं जातात.

खंडेनवमीला आपण कोयता, पारळ, नांगर धुऊन, पुसून, हात लावून मगच पुजतो. गाडीचीही पूजा खुशाल करा. फक्त हार घालण्याआधी सीट उचला, नाहीतर बॉनेट उघडा. पुतण्याचा हात आता बरा आहे, ह्या वर्षी वास घ्यायचं काम त्यानेच मागून घेतलंय.

तुमच्या गाडीत काय सापडलं ते जरूर लिहा. दसऱ्याच्या आधीच शुभेच्छा देतो.