गिटार विकणे आहे

मे महिना आला की आपल्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर 'विकणे आहे'चा बाजार भरतो. ड्राफ्टर, सायकल, गादी, कूलर, गेटच्या नोट्स... गेल्या मे महिन्यात त्या गर्दीत माझीही एक चिठ्ठी होती. 'पोकळ अंगाची इलेक्ट्रिक गिटार, ऑर्डर देऊन बनवलेली, विकणे आहे.' जूनमध्ये ती विकली गेली. तेव्हापासून मेसमध्ये कुणी ना कुणी विचारतंच, "काय रे, असली वस्तू कुणी विकतं का? वाईट नाही वाटत?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

माझं मत थोडक्यात सांगतो. आवडती वस्तू विकण्यात काहीच गैर नाही. गैर आहे ते आपल्या आठवणींचे पैसे घेणाऱ्याकडून मागणं, आणि पैसे घेऊनही वस्तूवरचा हक्क न सोडणं.

आधी गिटारबद्दल. एम.टेक.ला येण्यापूर्वी मी दोन वर्षं नोकरी केली. त्या पगारातून साठवलेले ९५ हजार रुपये देऊन ही बनवून घेतली. माझी बोटं जाड, म्हणून कारागिराने वरच्या टोकाला मान नेहमीच्या ४३ ऐवजी ४५ मिलिमीटर रुंद ठेवली. पाठ आणि कडा तूण लाकडाच्या, म्हणजे मिरजेचे सतारमेकर वापरतात तेच लाकूड. पुढची बाजू मेपलचे पातळ थर चिकटवून केलेली, आणि तिच्यावर व्हायोलिनसारखी दोन लांबट वळणदार छिद्रं.

सॉलिड गिटार म्हणजे लाकडाची भरीव फळी. तिथे आवाजाचं बहुतेक काम पिकअप आणि अ‍ॅम्प करतात. पोकळ गिटारचं अंग स्वतःच घुमतं. रात्री दोन वाजता अ‍ॅम्प न लावता वाजवा, आपल्याला छान ऐकू येते आणि रूममेटची झोप मोडत नाही. पण गुण तोच दोष! अ‍ॅम्प मोठा केला की स्पीकरच्या आवाजाने गिटारचं अंग थरथरतं, त्याने तारा थरथरतात, ते पिकअप पुन्हा अ‍ॅम्पला पाठवतो, आणि हॉलभर घूंऽऽ सुरू. कंट्रोल सिस्टीम्सच्या पेपरात पॉझिटिव्ह फीडबॅकवर पाच मार्कांची टीप लिहितो ना, तोच हा. अमेरिकन ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग यांनी यावर उपाय म्हणून गिटारच्या छिद्रांत कापड कोंबलं होतं. पुढे १९८० साली गिब्सन कंपनीने त्यांच्यासाठी खास मॉडेल काढलं, त्यात ती छिद्रंच ठेवली नाहीत.

आता विकायचं कारण. धाकट्या बहिणीचं नर्सिंगचं अ‍ॅडमिशन झालं. ५० हजारांचा पहिला हप्ता जूनअखेर भरायचा होता. बाबांनी माझ्याकडे काही मागितलं नाही. गिटार केवढ्याची आहे हे त्यांना माहीतही नव्हतं. पण एवढे पैसे कपाटावर पेटीत ठेवायचे आणि बाबांना सोसायटीचं कर्ज काढू द्यायचं, हे मला जमण्यासारखं नव्हतं. यात त्याग वगैरे काही नाही. घरात सोनं असतं ते कशासाठी असतं?

खरा प्रश्न होता किमतीचा. मित्र म्हणाले, "९५ची आहे, शिवाय तुझ्या हाताच्या मापाची. लाखाच्या खाली देऊ नकोस." मला वाटतं इथेच आपण इंजिनियर असून चुकीचा हिशोब करतो. स्टँडर्ड बोल्ट त्याच मापाच्या कुठल्याही नटाला बसतो, म्हणून त्याला गिऱ्हाईक सगळीकडे मिळतं. ऑर्डरचा पार्ट एकाच मशीनला बसतो. माझ्या बोटांसाठी दिलेले जादा दोन मिलिमीटर दुसऱ्याला अडचणीचेच ठरायचे. त्यात माथ्यावर कुठल्या मोठ्या कंपनीचं नाव नाही. मग बाजाराने निम्मी किंमत केली तर तो अपमान कसला?

यावर कुणी एरिक क्लॅप्टनचं उदाहरण देतं. त्याने १९६४ पासून जवळ असलेली गिब्सन ईएस-३३५ ही अर्धपोकळ गिटार २००४ साली लिलावात काढली. ८ लाख ४७ हजार ५०० डॉलर आले, आणि त्या लिलावाचा पैसा अँटिग्वातल्या त्याच्या व्यसनमुक्ती केंद्रासाठी होता. बरोबर आहे. पण त्या गिटारच्या आठवणी त्याच्या एकट्याच्या नव्हत्या, लाखो श्रोत्यांच्या होत्या, म्हणून त्यांना भाव आला. माझ्या आठवणी ए-विंगच्या बाहेर कुणाला ठाऊक? त्या माझ्याकडेच राहिल्या, फुकट.

आणि प्रेम एकाच लाकडावर असावं लागतं असंही नाही. १९४९ साली आर्कान्सातल्या ट्विस्ट गावी बी. बी. किंग वाजवत होते त्या हॉलला आग लागली. गिटार आणायला ते जिवावर उदार होऊन परत आत धावले. दोघांच्या मारामारीत आग लागली आणि मारामारी लुसिल नावाच्या बाईवरून होती, हे त्यांना मागाहून कळलं. त्यांनी गिटारचं नाव लुसिल ठेवलं. पुढे आयुष्यभर कितीतरी गिटारी आल्या नि गेल्या, आणि प्रत्येकीचं नाव लुसिलच.

माझ्याकडे दोन गिऱ्हाइकं आली. शहरातला एक हॉटेलवाला ६० हजार द्यायला तयार होता, भिंतीवर लावायला. दुसरा आपल्याच हॉस्टेलचा, ई अँड टीसीचा सेकंड इयरवाला, ५२ हजारांच्या पुढे जाऊ शकत नव्हता. मी ५२ हजारांना दिली. बहिणीचा हप्ता दोन्हीकडून सुटत होता, तेव्हा आठ हजारांचं नुकसान माझं एकट्याचं. हप्ता ६० हजारांचा असता तर भिंतीसाठीच दिली असती, आणि त्याबद्दल मला कुणी बोललेलं चाललं नसतं.

देण्याआधी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. पहिल्या चार फ्रेटवर झीज आहे, पावसाळ्यात मान किंचित हलते, रॉड फिरवून सरळ करावी लागते, जॅकचं सोल्डरिंग मी घरी केलंय. विकताना हे सांगणं मी सर्वांत महत्त्वाचं मानतो. सायकल विकणाऱ्यांनीही ब्रेकबद्दल सांगावं, बरं का!

अट मात्र एकही घातली नाही. 'जपून वापर', 'विकायची झाली तर आधी मला विचार', असलं काही नाही. दिवाळीनंतर त्याने पिकअप बदलला. मला विचारलं नाही, आणि विचारायचं कारणही नव्हतं. आता ती अ‍ॅम्पवर जरा जास्त तिखट वाजते. मला जुनाच आवाज बरा वाटतो. पण मालक तो आहे.